पांढऱ्या अस्वलांच्या गावातली नोकरी, सगळ्यांना एकदाच सांगतो

कर्नाटकात बेळगावजवळच्या आमच्या खानापूरला आल्यापासून रोज तेच चाललंय. स्टँडवर कोण भेटलं तरी, दुकानात गेलं तरी, आणि गावात देवळाच्या कट्ट्यावर तर विचारूच नका, "काय रे, बर्फात असतोस म्हणे? अस्वलं राखतोस म्हणे?" मग मी सांगायला लागतो आणि दोन मिनिटांत गाडी पगारावर जाते, नाहीतर थंडीवर, नाहीतर तिथं जेवायला काय मिळतंय यावर, आणि मूळ काम काय ते राहूनच जातं. म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहून टाकावं, परत परत घसा कोरडा करायला नको.

आधी ठिकाण. गावाचं नाव चर्चिल. कॅनडात मॅनिटोबा नावाचा प्रांत आहे, त्याच्या वरच्या टोकाला हडसन बे, नावाला बे म्हणायचं, बघायला गेलं तर समुद्रच, त्याच्या काठावर हे गाव. २०२१ च्या जनगणनेत माणसं ८७०. गावाला रस्ता नाही. म्हणजे गावात रस्ते आहेत, खरं ते थोडं लांब जाऊन संपतात, पुढं कुठंच पोचत नाहीत. बाहेर पडायचं तर विमान, नाहीतर विनिपेगची रेल्वे, अंदाजे १७०० किलोमीटर, दोन दिवस लागतात, कारण रूळ ज्या जमिनीवर टाकलेत ती खालून कायमची गोठलेली आहे आणि वरचा थर उन्हाळ्यात मऊ होतो, त्यामुळं काही पट्ट्यांत गाडी अशी रांगते की उतरून चालावंसं वाटतं. २०१७ च्या मे महिन्यात पुरानं हे रूळ ठिकठिकाणी वाहून गेले आणि जवळजवळ दीड वर्ष गाडी बंद. दूध, गॅस, सिमेंट, सगळंच अवघड झालं. इथल्या जंगलातल्या आमगाव, कोंगळ्याकडच्या लोकांना हे सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही, पावसाळ्यात साकव गेला की काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

(आता कोणीतरी हुशार म्हणणार की हे आर्क्टिक नव्हेच, आर्क्टिक सर्कल ६६.५ अंशावर आणि चर्चिल ५९ च्या पण खाली. बरोबर आहे बाबा. खरं जमीन गोठलेली, झाडं संपून टुंड्रा सुरू होतो तो तिथंच, जानेवारीत सरासरी उणे २५ च्या खाली, आणि जी काही झाडं आहेत त्यांना एकाच बाजूला फांद्या, कारण दुसऱ्या बाजूच्या वाऱ्यातल्या बर्फाच्या कणांनी खरवडून काढलेल्या. एवढं असल्यावर नकाशावरच्या रेषेसाठी मी भांडणार नाही.)

मी तिथं पोचलो कसा ते थोडक्यात. बेळगावात बीएस्सी, मग इथंच अस्वलांच्या एका अभ्यासात फील्ड असिस्टंट म्हणून जंगलात हिंडलो, मग कर्ज काढून विनिपेगला मास्टर्स, आणि मग ही नोकरी. संस्था लहान आहे, नाव लिहीत नाही. माझ्या पदाचं नाव एवढं लांब आहे की आमच्या आजीला सांगेपर्यंत तिचा चहा गार होतो. त्याचा अर्थ एवढाच की माणूस आणि अस्वल यांची गाठ पडू नये म्हणून गावात जे काय करता येईल ते करायचं. यातलं निम्म्याच्या वर काम कचऱ्याचं आहे. हे ऐकलं की कट्ट्यावरच्या लोकांचं तोंड पडतं. एवढं शिकून, एवढ्या लांब जाऊन, कचरा?

होय, कचरा. आणि दारं, फ्रीजर, कुत्र्याच्या खाण्याची पोती, शाळेत पोरांशी बोलणं, कुठं कधी अस्वल दिसलं त्याच्या नोंदी. अस्वल पकडायचं, बेशुद्ध करायचं हे माझं काम नव्हे, ते प्रांत सरकारचे अधिकारी करतात. त्यांचा पोलर बेअर अलर्ट प्रोग्राम म्हणून आहे, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू, गावात एक फोन नंबर सगळ्यांना पाठ असतो, अस्वल दिसलं की लावायचा, रात्री कितीही वाजता. ते लोक गाडी घेऊन येतात, हॉर्न वाजवतात, मोठ्या आवाजाचा बार काढतात, अस्वल गावाबाहेर पिटाळतात. नाही ऐकलं तर सापळा. सापळा म्हणजे चाकांवर बसवलेला मोठा रुंद पाइप, आत सीलच्या मांसाचं आमिष, अस्वल आत गेलं की मागचं दार पडतं. आणि मग ते अस्वल जातं "जेल"मधे.

जेल खरंच आहे. लष्कराच्या जमान्यातली एक मोठी इमारत, आत २८ खोल्या. आमच्या थोरल्या काकांना हे लई आवडलं, त्यांनी मला तीनतीनदा सांगायला लावलं. तिथं अस्वलाला पाणी देतात, खायला देत नाहीत.

"उपाशी ठेवत्यात काय रे त्यास्नी?"

मी म्हटलं, होय काका, मुद्दामच. खायला घातलं तर ते शिकतं की गावात गेलं की पकडतात आणि पकडलं की जेवण मिळतं, पुढच्या वर्षी स्वतःहून येऊन उभं राहील. आणि दुसरं म्हणजे त्या महिन्यांत ते तसंही उपाशीच असतं. मग काही आठवड्यांनी, नाहीतर समुद्र गोठला की, त्याला बेशुद्ध करून जाळ्यात घालून हेलिकॉप्टरखाली लटकवून उत्तरेला लांब नेऊन सोडतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खाली उभे असलेले सगळे टुरिस्ट फोन वर करून उभे होते आणि गावातला एक माणूस शेजारून सायकलवरून गेला, त्यानं मान पण वर केली नाही.

आता ते उपाशी का असतं हे सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. पांढऱ्या अस्वलाचं पोट सीलवर. आणि सील पकडायचं तर समुद्रावर बर्फ पाहिजे, कारण सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतं आणि हे तिथं तासन् तास दबा धरून बसतं. उघड्या पाण्यात सीलच्या मागं पोहून ते पकडणं त्याच्यानं होत नाही, सील पाण्यात त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ. हडसन बेचं बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळतं, मग जुलैच्या आसपास सगळी अस्वलं नाइलाजानं जमिनीवर येतात आणि नोव्हेंबरपर्यंत अंगातल्या चरबीवर काढतात. बेरी खातात, गवत चघळतात, अंडी मिळाली तर खातात, खरं त्यानं काही होत नाही, दिवसाला साधारण किलोभर वजन उतरत जातं. गाभण मादीचं तर अजून कडक, ती आत वापुस्क नॅशनल पार्कच्या बाजूला मातीत घळ करून बसते, तिथंच व्यायची, आणि पिल्लं घेऊन परत बर्फावर जाईपर्यंत सात-आठ महिने पोटात काही नाही. आणि चर्चिललाच गर्दी का, तर चर्चिल नदीचं गोडं पाणी तिथं समुद्रात मिळतं, गोडं पाणी आधी गोठतं, शिवाय वारा आणि प्रवाह बर्फ त्या किनाऱ्याला आणून लावतात. म्हणजे बर्फ सगळ्यात आधी जिथं धरतं तिथं ही मंडळी आधीच येऊन वाट बघत बसलेली असतात, आणि नेमकं त्याच वाटेवर माणसानं गाव वसवलं, १९२९ ला रेल्वे आणली, बंदर बांधलं.

आता बर्फ आधीच्यापेक्षा लवकर जातं आणि उशिरा येतं, १९८० च्या दशकाशी तुलना केली तर अस्वलांना जमिनीवर तीन-चार आठवडे जास्त काढावे लागतात. उपाशी अस्वलाचे ते तीन आठवडे म्हणजे काय हे कळायला जीवशास्त्र शिकायला नको. आणि त्या तीन आठवड्यांत गावातून तळलेल्या माशाचा वास येतो.

म्हणून कचरा. चर्चिलला पूर्वी उघडा कचरा डेपो होता, अस्वलं तिथं घरच्यासारखी येऊन बसायची, पिल्लांना पण तेच शिकवायची. २००५ ला तो बंद केला, मग कचरा इमारतीत बंद करून ठेवायला लागले. तेवढ्यानं काम संपत नाही, कारण प्रत्येक घर हा एक छोटा डेपोच आहे. १९८३ ला तिथं एक माणूस अस्वलाच्या हल्ल्यात गेला, हॉटेल जळालं होतं, हा त्या जळक्या हॉटेलच्या फ्रीजरमधलं मांस खिशात भरून निघाला होता. त्यानंतर आजपर्यंत गावात अस्वलानं कोणाचा जीव घेतलेला नाही. ८७० माणसांच्या गावातून दरवर्षी अस्वलं जातात आणि तरी हे जमलंय, ते आमच्यासारख्या नव्या पोरांनी केलेलं नाही, गावानं स्वतःला लावलेल्या सवयी आहेत. गाडीला कोणी कुलूप लावत नाही, कारण कोणाला पळत येऊन आत शिरावं लागलं तर? ३१ ऑक्टोबरला हॅलोविनला पोरं घरोघर चॉकलेट मागत फिरतात, आणि तीच ऐन अस्वलांची वेळ, तर त्या संध्याकाळी आधी हेलिकॉप्टरनं आजूबाजूला नजर टाकतात, मग फायर ब्रिगेड, अँब्युलन्स, अधिकाऱ्यांच्या गाड्या गावाभोवती लाईट लावून उभ्या राहतात, आणि पोरांना सांगितलेलं असतं की भुताचा पांढरा ड्रेस नको. माझी ड्यूटी एका वळणावर होती. एक पोरगा पालेभाजी झाला होता. काय डोकं चाललं असेल त्याच्या आईचं.

रुजू झाल्यावर पहिलं काम मिळालं ते घरोघरी जायचं. बाहेर काय काय ठेवलंय ते बघायचं, लिहायचं, आणि काय करता येईल ते सांगायचं. त्यात एका म्हातारीकडं गेलो. घर गावाच्या कडेला, मागं प्लायवूडची शेड, त्यात कुत्र्यांच्या खाण्याची पोती. मी वही काढून विचारायला लागलो तर ती म्हणाली, आधी हे बघ, आणि मला शेडच्या खिडकीपाशी घेऊन गेली. काचेवर एक डाग होता, तेलकट, मधे दोन गोल ठसे. अस्वलाचं नाक. माझ्या डोक्याच्या वर होता तो डाग. रात्री येऊन काचेला नाक लावून आतला वास घेऊन गेलं होतं, आणि काच फोडली नव्हती कारण खिडकीखाली तिनं खिळ्यांची फळी टाकली होती, खिळे वर करून. तिथं जंगलातल्या खोपटांच्या दारात अशा फळ्या सर्रास असतात. मी माझ्या फॉर्मवर त्याला कुठला रकाना आहे ते शोधत होतो. रकाना नव्हता.

मग तिनं मला चहा दिला आणि विचारलं, "तू किती वर्षं राहणार?"

हा प्रश्न मला तिथं सगळ्यांनी विचारला. दुकानवाल्यानं, शाळेतल्या बाईंनी, विमानतळावर सामान उचलणाऱ्यानं. नाव विचारायच्या आधी हे विचारतात. कारण दर सीझनला कोण ना कोण येतं, कोणी रिसर्चवाला, कोणी फोटोवाला, कोणी प्रोजेक्टवाला, अस्वलांबद्दल गावालाच चार गोष्टी सांगतो आणि समुद्र गोठला की निघून जातो. मला हे ऐकून राग यायला पाहिजे होता बहुतेक, खरं मला हसू आलं, कारण मी आयुष्यभर या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलोय. आमच्याकडं पण जीप येते, साहेब उतरतात, नकाशा बॉनेटवर पसरतात, आणि आमचे लोक कट्ट्यावरून बघत असतात की हा किती दिवस टिकतोय. साहेबाची भाषा वेगळी, फॉर्मची भाषा वेगळी, भाताचं नुकसान गव्यानं केलं तर ते कागदावर कसं उतरवायचं यासाठी आधी कन्नड लिहिणारा कोणीतरी गाठायचा. आता मीच तो जीपमधून उतरणारा. वही माझ्या हातात.

आणि चर्चिलमधे ही वही हातात असण्याला एक इतिहास आहे, तो तिथं गेल्यावर कळला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. सायीसी डेने म्हणून आदिवासी लोक आहेत, पिढ्यान् पिढ्या कॅरिबूंच्या कळपांवर जगणारे, कॅरिबू म्हणजे तिकडचं रेनडिअर. सरकारी तज्ज्ञांचं मत झालं की कॅरिबू कमी होताहेत आणि याला शिकार करणारे हे लोकच जबाबदार. म्हणून १९५६ ला त्यांना डक लेकवरून विमानात घालून चर्चिलला आणून सोडलं. अडीचशेच्या आसपास माणसं. हातातलं काम गेलं, शिकार गेली, उघड्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर पातळ भिंतींच्या खोल्या, वर गावाचा तिरस्कार, दारू, थंडी, आगी. पुढच्या सतरा-अठरा वर्षांत शंभराहून जास्त माणसं गेली. १९७३ ला उरलेले स्वतःच उठून टॅडूल लेकला गेले आणि नवं गाव वसवलं. कॅरिबूंबद्दलचा तो निष्कर्ष चुकीचा निघाला. २०१६ च्या ऑगस्टमधे केंद्र सरकारच्या मंत्र्यांनी टॅडूल लेकला जाऊन माफी मागितली, ३.३६ कोटी डॉलरची भरपाई दिली. चर्चिलच्या बाहेर जिथं त्यांना ठेवलं होतं तिथं आता घरांचे पाये आणि एक स्मारक आहे. माझ्या आधी याच क्षेत्रात, याच गावात, प्राणी वाचवायच्या नावाखाली हे झालंय. माझ्या कामाच्या ओरिएंटेशनमधे पहिल्या दिवशी बंदूक, बॅटरी, रेडिओ सगळं शिकवलं, हा इतिहास मात्र मला एका सहकाऱ्यानं नंतर तिथं गाडी थांबवून सांगितलं. मला विचाराल तर हे पहिल्या तासाला सांगायला पाहिजे, रेडिओ नंतर.

हे घरी सांगितलं तेव्हा आत्या एकदम गप्प झाली. आत्याचं घर आमच्याच तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या आतल्या एका वाडीत. २०११ च्या डिसेंबरात अभयारण्य जाहीर झालं, १९०.४२ चौरस किलोमीटर, आत तेरा वाड्या-वस्त्या. त्यातल्या तळेवाडीचे लोक १५ लाखांचं पॅकेज घेऊन बाहेर पडायला तयार झाले, आणि त्यामुळं बाकीच्या वाड्यांत पण दुसरा विषयच नाही. मी आत्याला म्हटलं, तसं इथं नाही, इथं विचारून करताहेत, सही घेऊन करताहेत, कोणी विमानात कोंबत नाही. ती म्हणाली, "विचारत्यात की. खरं रस्ता नाही, लाईट नाही, आजारी माणसाला खाटंवर घालून न्यायचं, पोरांनी ओढे ओलांडून शाळेला जायचं, असं पंचवीस वर्षं काढल्यावर विचारत्यात. मग माणूस होयच म्हणणार." वर म्हणाली १५ लाखात खानापुरात घर होईल, खरं काजू कुठं लावू, म्हस कुठं बांधू? आणि सून म्हणते जाऊया. सुनेचं पण खोटं नाही, तिला दोन लहान पोरं आहेत. मला यावर एक मत देता येत नाही आणि जे फेसबुकवर दोन ओळींत देतात त्यांनी एक पावसाळा आत्याकडं काढावा. वाघांसाठी, पाण्यासाठी, म्हादई-मलप्रभेच्या उगमासाठी ते जंगल राहिलंच पाहिजे हे मी मानतो, माझं पोट त्यावर आहे. आणि त्या वाड्यांनी ते जंगल एवढी वर्षं राखलंय हे पण मी मानतो. दोन्ही एकदम मानायला जड जातं एवढंच.

काकांचा मुद्दा वेगळा. त्यांचा विश्वास मोजणीवर नाही. इथं गवे वाढलेत असं ते म्हणतात, कागदावर काही असो. मग मी त्यांना तिकडचं सांगितलं, कारण तिकडं पण हेच भांडण आहे. हडसन बेच्या पश्चिमेकडच्या अस्वलांची संख्या १९८० च्या दशकात १२०० च्या आसपास होती, आता हवेतून मोजतात, तशी २०१६ ला ८४२ भरली आणि २०२१ ला ६१८. चर्चिलच्या वर उत्तरेला इन्युइट म्हणजे तिकडच्या मूळ लोकांची गावं आहेत, तिथले म्हणतात, कमी कुठं झाली, आमच्या अंगणात तर जास्तच येताहेत. काका लगेच म्हणाले, बघ! मी म्हटलं थांबा. दोन्ही खरं असू शकतं. बर्फावर जेवढे दिवस काढायची तेवढे आता मिळत नाहीत, मग जमिनीवर जास्त दिवस, उपाशी, वासाच्या मागं, म्हणजे एकूण कमी असली तरी गावात जास्त दिसणारच. आणि अजून एक, २०२१ च्या त्याच मोजणीत शेजारच्या दक्षिण हडसन बेच्या भागात आकडा ७८० वरून १११९ वर गेलेला दिसला, म्हणजे काही अस्वलं तिकडं सरकली असतील असं मोजणाऱ्यांनीच म्हटलंय. म्हणून नुसता ६१८ सांगून लोकांना घाबरवणं मला पटत नाही आणि अंगणात दिसलं म्हणजे वाढलीत हे पण पटत नाही. काकांना अर्धंच पटलं, त्यांच्या सोयीचं.

आमच्या काळ्या अस्वलाची आणि याची तुलना सगळेच करायला लावतात, तर ते पण सांगतो. आपलं अस्वल माणसाला खायला येत नाही. ते वारूळ उकरत असतं, फणस, करवंदं, काजूची बोंडं खात असतं, तोंड खाली, लक्ष नाही, आणि आपण वळणावर अचानक समोर आलो की घाबरून तोंडावरच येतं. तालुक्यात ज्यांच्यावर हल्ले झालेत त्यांची तोंडं बघितलीत तर जास्त सांगायला नको. म्हणून आपल्याकडं पहाटे काजूच्या बागेत जाताना बोलत जायचं, काठी आपटत जायचं, त्याला कळू द्यायचं. पांढऱ्याचं तसं नाही. त्याला तू आलेला आधीच कळलेलं असतं, वास कितीतरी लांबून लागतो, आणि ते घाबरून नव्हे तर बघायला येतं, की हे काय आहे, खायचं आहे का. तिथं कोपऱ्यावरून वळताना मी अजून थोडं बाहेरून, लांबून वळसा घालून वळतो, आणि ती सवय इथं पण सुटत नाही, बाजारात आई विचारते असा रस्त्याच्या मधून काय चालतोस.

थंडीचं काय सांगायचं, थंडी आहे. कपडे चांगले असले की निभतं, वारा मात्र वाईट. नाकातले केस गोठतात. आकाशात उत्तरेचे दिवे, नॉर्दर्न लाइट्स म्हणतात ते, दिसतात, होय, हिरवे, फोटो पाठवलेत. खाणं महाग, भाजीचे दर ऐकून आई रागावली, जणू मीच लावलेत. शेजाऱ्यानं कॅरिबूचं मांस दिलं होतं, ते मी घरच्या मसाल्यात सुकं केलं, त्याला नेऊन दिलं, आता तो मसाला मागतो. त्यामुळं या खेपेला बॅगेत उकडा तांदूळ कमी आणि मसाला जास्त जाणार. आणि नुसतं अस्वलच आहे असं नव्हे, जुलै-ऑगस्टला त्या नदीत हजारोंनी बेलुगा येतात, पांढरे देवमासे, होडीच्या खालून वर बघत जातात. तो माझा आवडता महिना, खरं त्याबद्दल कट्ट्यावर कोणी विचारत नाही, देवमासा कोणाला चावत नाही ना.

पुढच्या सीझनचं मोठं काम कचऱ्याच्या डब्यांचं. अस्वलाला उघडता येणार नाहीत असे लोखंडी डबे मिळतात, त्यांची कडी एका खोबणीच्या आत असते, माणसाचा हात आत जातो, अस्वलाचा पंजा जात नाही. ऐकायला झकास. अडचण अशी की उणे ३० मधे माणसाच्या हातात जाडजूड मिटन, म्हणजे बोटं वेगळी नसलेला हातमोजा, असतं, आणि मिटनसकट हात पण त्या खोबणीत जात नाही. मिटन काढलं तर उघड्या बोटांनी गोठलेलं लोखंड धरायचं. मग लोक काय करतात, पिशवी डब्याच्या शेजारी ठेवतात आणि घरी जातात. हे मला त्या खिळ्यांच्या फळीवाल्या म्हातारीनंच दाखवलं, डबे विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात यातलं काही नव्हतं. आता गावातला एक वेल्डर आणि मी मिळून कडी बदलून बघणार आहोत, पायानं दाबायची करता येईल का, दोन टप्प्यांची करता येईल का.

हे काकांसमोर बोललो ही चूक म्हणा की काय, दुसऱ्या दिवशी ते मला गोठ्यात घेऊन गेले आणि दाराचा अडसर दाखवला, आधी वर उचलायचा मग बाजूला सरकवायचा, त्यांची म्हस अतिहुशार, साधी कडी जिभेनं काढायची म्हणून त्यांनी स्वतः केलेला. मी त्याचा व्हिडिओ काढून वेल्डरला पाठवला. त्याचं उत्तर आलं, छान आहे, पण आमचं अस्वल हे मिनिटभरात उघडेल. काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्याला विचार त्यानं कधी म्हस पाळलीय काय.